आधी पाणी पाहावे, मग पक्षी : वाचकांचे प्रश्न

उथळ पाण्यात आणि चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांविषयी, म्हणजे निरीक्षक ज्यांना ‘वेडर’ म्हणतात त्या तुतवार, चिखल्या, शेकाट्या, पाणलावा या मंडळींविषयी, गेल्या काही अंकांपासून इतके प्रश्न साठले आहेत की या वेळचा संपूर्ण स्तंभ त्यांनाच दिला आहे. ज्या पत्रांचा आशय एकच होता ती एकत्र केली असून प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : आम्ही काही मित्र सुट्टीच्या दिवशी पहाटे जवळच्या तलावावर जातो. बगळे, पाणकावळे आणि टिटव्या दिसतात, परंतु लहान वेडर पक्षी कधीच दिसत नाहीत. आमची वेळ चुकते की जागा?

आपण पत्रात तलावाचे वर्णन ‘काठोकाठ भरलेला आणि चहूबाजूंनी दगडी बांध घातलेला’ असे केले आहे, आणि बहुतांशी उत्तर त्या वर्णनातच आहे. या पक्ष्यांना पाणी हवे असते ते जेमतेम पाय भिजण्यापुरते. लहान चणीच्या बहुतेक जातींना चार-पाच सेंटीमीटरपेक्षा खोल पाणी चालत नाही आणि शेकाट्यासारख्या लांब टांगांच्या पक्ष्यालाही वीतभर पाणी पुरेसे होते. दगडी बांधाच्या तलावात पाणी एकदम खोल सुरू होत असल्याने पोहणाऱ्या बदकांना आणि बुड्या मारणाऱ्या पाणकावळ्यांना तो मानवतो. चालत चरणाऱ्या पक्ष्याला तेथे उभे राहण्यासही जागा नसते. म्हणून जागा निवडताना पक्ष्यांच्या आधी पाणी पाहावे. ज्या जलाशयाचा काठ मंद उताराचा आहे आणि ज्याचे पाणी हळूहळू ओसरत आहे, तो निवडावा. पाणी मागे सरले की जो चिखल नुकताच उघडा पडतो त्यात किड्यांच्या अळ्या आणि कृमी अगदी वरच्या थरात असतात. हा पट्टा फार दिवस टिकत नाही; ऊन लागून चिखल घट्ट झाला आणि त्याला भेगा पडू लागल्या की चोच आत जात नाही आणि भक्ष्यही खोल उतरते. त्यामुळे महिन्यापूर्वी जेथे पक्ष्यांची दाटी होती तो कोपरा आज ओस असू शकतो आणि त्याच जलाशयाच्या दुसऱ्या टोकाला, जेथे पाण्याची कड आता पोहोचली आहे, तेथे तीच गर्दी सापडू शकते. उलट मोठा पाऊस होऊन पाणी चढले, तर रातोरात सगळे पक्षी निघून जवळच्या पाणी साचलेल्या शेतात किंवा डबक्यांवर जाऊन बसतात. सांडपाण्याचे उथळ तलाव, मिठागरे आणि नांगरून पाणी सोडलेली शेते या जागा दिसायला रम्य नसतात, पण वेडर पक्ष्यांसाठी पुष्कळदा निसर्गरम्य तलावापेक्षा उजव्या ठरतात.

समुद्रकाठी किंवा खाडीवर जाणार असाल, तर घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचे कोष्टक अधिक महत्त्वाचे. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीनंतर दुसरी भरती साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी येते, म्हणजेच भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. पूर्ण ओहोटीला गेलात तर चिखलाचा विस्तीर्ण पट्टा दिसेल, पण त्यावरील पक्षी एखाद-दोन किलोमीटर दूर, पाण्याच्या कडेला, ठिपक्यांसारखे दिसतील. पूर्ण भरतीला गेलात तर चिखलच नसेल. खरी वेळ या दोहोंच्या मधली आहे. चढत्या भरतीच्या शेवटच्या दीड-दोन तासांत पाणीच पक्ष्यांना आपल्याकडे ढकलत आणते, आणि भरती उतरू लागल्यावर काठाजवळचा पहिला चिखल उघडा पडताच उपाशी पक्षी तेथे धाव घेतात. अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असल्याने सगळा चिखल बुडतो व पक्ष्यांना किनारा सोडून मिठागरांसारख्या उंचवट्यांवर यावेच लागते; अष्टमीच्या सुमारास भांगाच्या भरतीला कित्येकदा चिखलाचा बराच भाग उघडाच राहतो आणि पक्षी दूर असतील तेथेच थांबतात. पहाटेचा आग्रह मात्र किनाऱ्यावर सोडून द्यावा. हे पक्षी ओहोटी असेल तेव्हा चरतात, मग ती दुपारी असो वा मध्यरात्री.

ऋतूबद्दल एक गैरसमज दूर करतो. यांना ‘हिवाळी पाहुणे’ म्हणण्याची पद्धत असल्याने पुष्कळ लोक थंडी पडल्यावर दुर्बीण बाहेर काढतात. वास्तविक, यांतील बऱ्याच जाती जेथे वीण करतात त्या उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातील उन्हाळा फार आखूड असतो. वीण आटोपलेले किंवा वीण फसलेले प्रौढ पक्षी जुलैपासूनच दक्षिणेकडे निघतात आणि त्याच वर्षी जन्मलेली पिल्ले काही आठवड्यांनी, प्रौढांच्या सोबतीशिवाय, मागोमाग येतात. ऑगस्ट-सप्टेंबर हे महिने म्हणूनच सर्वाधिक जातींचे असतात, कारण येथे मुक्काम करणारे आणि केवळ थांबून पुढे जाणारे असे दोन्ही गट त्या वेळी एकत्र दिसतात.

प्रश्न : पुस्तकात पाहिले की सगळे वेगळे वाटतात, आणि चिखलावर पाहिले की सगळे तपकिरी. हे पक्षी ओळखण्यास नवशिक्याने सुरुवात कोठून करावी?

रंग सर्वांत शेवटी पाहावा. हा सल्ला उलटा वाटेल, पण वेडर पक्ष्यांचा विणीच्या हंगामातील पेहराव आणि इतर काळातील पेहराव यांत इतका फरक असतो की एकाच जातीचा पक्षी एप्रिलमध्ये तांबूस आणि डिसेंबरमध्ये मातकट राखाडी दिसू शकतो. त्यात पहिल्या वर्षाच्या पिल्लांची पाठ वेगळी: त्यांची सगळी पिसे एकाच वेळी उगवलेली, ताजी आणि फिकट किनारीची असल्याने पाठीवर खवल्यांची नक्षी दिसते, तर त्याच थव्यातील प्रौढांची पिसे झिजलेली असतात. याउलट चोचीची लांबी डोक्याच्या तुलनेत किती, ती सरळ आहे, वर वळलेली आहे की खाली, पाय किती लांब व कोणत्या रंगाचे, आणि पक्षी चालतो कसा, या गोष्टी महिन्यागणिक फारशा बदलत नाहीत.

पहिला भेद चालीवरून करावा. चिखल्या आणि टिटवी या कुळातील पक्षी थोडे धावतात, थबकतात, पाहतात, एकदा टोचतात आणि पुन्हा धावतात. त्यांची चोच आखूड आणि डोळे मोठे असतात, कारण ते भक्ष्य नजरेने हेरतात. तुतवार कुळातील बहुतेक पक्षी न थांबता चालत राहतात आणि चोच चिखलात किंवा पाण्यात सतत खुपसत असतात. दूरवर, प्रकाशाविरुद्ध, नुसती काळी आकृती दिसत असतानाही हा भेद करता येतो आणि तेवढ्याने निम्म्या जाती बाजूला होतात.

त्यानंतर एकाच त्रिकुटाचा नीट अभ्यास करावा. गोड्या पाण्याच्या काठी वारंवार भेटणारे आणि नवशिक्यांना हमखास गोंधळात टाकणारे तीन पक्षी म्हणजे आपला नेहमीचा तुतवार, वुड सँडपायपर आणि ग्रीन सँडपायपर. तुतवाराच्या छातीच्या बाजूचा तपकिरी रंग आणि पंखाची घडी यांच्यामध्ये पोटाचा पांढरा रंग टोकदार होऊन वर चढलेला असतो. हे पांढरे टोक दिसले की आणखी काही पाहण्याची गरज उरत नाही. तो शेपटीकडचा भाग अखंड वरखाली हलवत असतो आणि उडताना पाण्यालगत, ताठ व किंचित खाली वाकलेल्या पंखांचे थोडके फटकारे मारत जातो. त्या वेळी पंखावर पांढरी पट्टी स्पष्ट दिसते. बाकीच्या दोघांच्या पंखांवर पट्टी नसते, मात्र शेपटीच्या वरचा भाग पांढरा असतो. त्या दोघांत वुड सँडपायपर सडपातळ, पिवळसर पायांचा, पाठीवर ठळक ठिपके असलेला, आणि त्याची पांढरी भुवई डोळ्याच्या बरीच मागे गेलेली असते. ग्रीन सँडपायपर थोराड, पाठीने इतका गडद की दुरून काळा वाटावा, पाय हिरवट आणि तुलनेने आखूड, व भुवई डोळ्यापुढेच संपलेली. तो उडाला की पंखांची खालची बाजू काळपट दिसते. वुड सँडपायपरची फिकट असते. स्वभावही वेगळा आहे. ग्रीन सँडपायपर एकटा, ओढ्याच्या वळणावर किंवा अरुंद चरात सापडतो आणि आपण दिसण्यापूर्वीच ओरडत उंच उडून जातो, तर वुड सँडपायपर मोकळ्या पाणथळीत सैलसर थव्याने चरतो.

ही तीन नावे खात्रीने घेता येऊ लागली की पुढील ओळख तुलनेने करावी. कॉमन रेडशँक उडाला की पंखाच्या मागच्या कडेला रुंद पांढरा पट्टा उघडतो आणि तो कोणत्याही अंतरावरून चुकत नाही. ग्रीनशँकची चोच किंचित वर वळलेली असते व तो बहुधा तीन ठसठशीत स्वर काढून उडतो. लहान स्टिंटच्या दोन जातींत लिटल स्टिंटचे पाय काळे, टेमिंक्स स्टिंटचे पिवळट-हिरवे; पहिला काठावर लगबगीने टोचत फिरतो, दुसरा गवताच्या कडेने दबकत चरतो. अर्थात वाळलेल्या चिखलाने माखलेले पाय कोणत्याही रंगाचे दिसू शकतात, हे ध्यानात ठेवावे. आवाज ऐकून ठेवण्याचा कंटाळा करू नये. अनुभवी निरीक्षक यांतील निम्मे पक्षी मान वर न करता ओळखतात ते आवाजावरूनच.

आणि काही पक्षी ओळखता येणार नाहीत. त्यांच्यापुढे ‘अनोळखी सँडपायपर’ एवढेच लिहावे. जातींची यादी वाढवण्याच्या ईर्षेने मारलेल्या अंदाजापेक्षा ही नोंद कितीतरी मोलाची असते.

प्रश्न : दुर्बीण घ्यावी की स्पॉटिंग स्कोप (तिवईवर बसवायची एकनळी दुर्बीण)? आठपट घ्यावी की दहापट?

आधी दुर्बीण, आणि ती 8×42. यातील पहिला आकडा मोठे दिसण्याचा आणि दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरमधील व्यासाचा. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो: 8×42 मध्ये तो सव्वापाच मिलिमीटर, तर 10×42 मध्ये 4.2. पहाटेच्या मंद प्रकाशात हा फरक जाणवतो, शिवाय दहापटीत हाताचा कंपही तितकाच वाढून दिसतो. उघड्या पाणथळीवर दहापट वापरणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे काही चुकत नाही, पण पहिल्या दुर्बिणीसाठी मी आठच सांगेन. चष्मा असल्यास डोळ्याकडील रबरी कडी खाली करून पाहावे. दोन्ही डोळ्यांतील फरक जुळवणारे चाक बहुधा उजव्या नळीवर असते. ते एकदा आपल्या डोळ्यांना लावून घेतले नाही, तर महागडी दुर्बीणही कायम किंचित धूसर वाटत राहते.

स्कोपची खरी गरज खाडीवर आणि मोठ्या जलाशयावरच पडते, आणि तो चौघा-पाचांत एक असला तरी भागते. वीस ते साठपट वाढवण्याची सोय असली तरी ऊन तापल्यावर चिखलावरची हवा थरथरू लागते आणि साठपटीत केवळ ती थरथरच मोठी दिसते. अशा वेळी वीस-पंचवीसवरच थांबावे. यापेक्षा सोपा आणि फुकटचा उपाय म्हणजे सूर्य पाठीशी राहील अशी बाजू निवडणे. सूर्यासमोर तोंड करून पाहणाऱ्याला सर्वोत्तम भिंगही मदत करत नाही.

प्रश्न : एकाच चिखलात एवढ्या जातींचे पक्षी शेजारी शेजारी चरताना दिसतात. त्यांच्यात अन्नावरून भांडणे कशी होत नाहीत?

भांडणे होतात, विशेषतः चिखल्यांमध्ये, जे आपला तुकडा राखून ठेवतात. तरीही त्या गर्दीत वाटणी झालेली असते ती चोचीच्या आणि पायांच्या लांबीने. स्टिंट ओल्या चिखलाच्या वरच्या थरातले टिपतो, रेडशँक त्याखालचे, गॉडविट पोटापर्यंत पाण्यात शिरून जवळजवळ डोळ्यांपर्यंत चोच रुतवतो, आणि कुरलू आपल्या वाकड्या लांब चोचीने बिळात खोल दडलेले कृमी व खेकडे ओढून काढतो. उचाट्या वर वळलेली चोच उथळ पाण्यात डावी-उजवी फिरवत जातो आणि तिला जे लागेल ते उचलतो.

याहून नवलाची गोष्ट दिसत नाही, कारण ती चिखलाच्या आत घडते. पाणलावा आणि तुतवार कुळातील अनेक पक्ष्यांच्या चोचीच्या टोकाशी हाडात अत्यंत बारीक खळगे असतात आणि त्यांत दाब व कंपन जाणणारे चेतातंतूंचे पुंजके दाटलेले असतात. अंधाऱ्या चिखलात हालणारा कृमी त्यांना असा स्पर्शानेच कळतो. रेड नॉट हा पक्षी तर न हालणारी शिंपलीही शोधतो: ओल्या वाळूत चोच खुपसताना पाण्यावर जो दाब निर्माण होतो, तो कठीण वस्तूमुळे अडतो, आणि हा फरक त्याला जाणवतो. भक्ष्य सापडल्यावर सबंध चोच उघडायची म्हटली तर भोवतालचा चिखल बाजूला सारावा लागेल; त्याऐवजी यांच्यापैकी अनेकांना वरच्या चोचीचे केवळ टोक, चिमटा उघडावा तसे, उचलता येते. गॉडविट चोच बाहेर न काढता भराभर घास गिळताना दिसतो तो यामुळेच. स्कोप एका पक्ष्यावर पाच मिनिटे रोखून ठेवला आणि तो किती वेळा चोच खुपसतो व त्यांतील किती वेळा गिळतो हे मोजले, तर ती वाटणी आपणांस स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल. एकेका जातीवर नजर टाकून पुढे जाणाऱ्यांना ही मौज कधीच कळत नाही.

प्रश्न : भरतीच्या वेळी खाडीच्या बांधावर शेकडो पक्षी एका पायावर, चोच पिसांत खुपसून झोपलेले असतात. त्यांना उडवल्यास थव्याचे सुंदर छायाचित्र मिळते. थोडा वेळ उडाल्याने त्यांचे काही बिघडते का?

बिघडते. एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेणे आणि चोच पाठीत लपवणे या दोन्ही कृती उघड्या भागांतून जाणारी उष्णता वाचवण्यासाठी असतात; पक्षी तेथे वेळ घालवत नाही, खाल्लेले साठवत असतो. स्थलांतरापूर्वी काही जाती आपले वजन जवळजवळ दुप्पट करतात. अलास्काहून न थांबता निघणाऱ्या बार-टेल्ड गॉडविटच्या शरीरात निम्म्याहून अधिक वजन चरबीचेच असू शकते, आणि ते ओझे पेलावे म्हणून त्याचे पचनाचे अवयव उड्डाणापूर्वी आकसतात. ऑक्टोबर 2022 मध्ये उपग्रह प्रक्षेपक बसवलेला या जातीचा सुमारे पाच महिन्यांचा एक पक्षी अलास्काहून ऑस्ट्रेलियातील टास्मानियापर्यंत 13,560 किलोमीटर, सुमारे अकरा दिवस, कोठेही न उतरता उडत गेला. हा पक्षी पाण्यावर उतरून विसावा घेऊ शकत नाही, त्यामुळे वाटेत चरबी संपली तर त्याला दुसरा उपाय नसतो.

भरतीच्या विसाव्याला जागा मुळातच थोड्या असतात. एका भरतीत बहिरी ससाणा एकदा येणार, दलदली भोवत्या घिरट्या घालून जाणार, कुत्री फिरकणार, आणि त्यात आपण. प्रत्येक उड्डाण शरीरातील साठ्यातून खर्ची पडते आणि तीनचार वेळा उठवलेला थवा ती जागाच सोडून देतो. मुद्दाम उडवून घेतलेल्या छायाचित्राला मी तरी कौशल्य मानत नाही. आपणांस चित्र हवेच असेल, तर भरती चढण्याच्या तासभर आधी जाऊन बांधाच्या आडोशाला बसावे आणि पक्षी आपल्याकडे येण्याची वाट पाहावी. मग भरती उतरून ते आपणहून चरायला जाईपर्यंत उठू नये. किती जवळ जावे याचे मीटरमधील उत्तर देता येत नाही, पण पक्षीच ते सांगतात. झोपलेल्यांनी माना वर केल्या, पिसे साफ करणाऱ्यांनी ते थांबवले, किंवा कडेचे पक्षी चालत आत सरकू लागले, की आपण आधीच जास्त जवळ आलेले असतो; तेव्हा तेथेच थांबून सावकाश मागे फिरावे. ड्रोन या जागी अजिबात नको, कारण पक्ष्यांना तो वरून आलेला शिकारीच वाटतो.

प्रश्न : एका गॉडविटच्या पायात रंगीत पट्टी दिसली. तिचा अर्थ काय, आणि ती कोणाला कळवावी?

ती संशोधकांनी चढवलेली खूण आहे. अनेक देशांनी आपापल्या रंगांच्या जोड्या ठरवून घेतल्या असून वरच्या व खालच्या पट्टीच्या रंगावरून पक्षी कोठे पकडला गेला हे कळते. पट्टीवर अक्षरे-अंक कोरलेले असतील तर नेमका तो पक्षीच ओळखता येतो. नोंद करताना पाय उजवा की डावा (पक्ष्याचा, आपला नव्हे), पट्ट्या सांध्याच्या वर की खाली, रंगांचा वरून खाली क्रम, आणि वाचता आलेली अक्षरे एवढे लिहावे. सांधा म्हणजे पायाच्या मध्यावर मागच्या बाजूला वाकणारा भाग; त्याला आपण गुडघा समजतो, पण तो पक्ष्याचा घोटा असतो आणि खरा गुडघा पोटाच्या पिसांत झाकलेला असतो. अस्पष्ट का होईना, छायाचित्र जोडावे. ही माहिती आपल्या देशात पक्ष्यांना कडी चढवण्याचे काम ज्या संस्थेकडे आहे तिला पाठवल्यास ती मूळ देशापर्यंत पोहोचते आणि बहुधा त्या पक्ष्याचा पूर्वीचा प्रवास आपल्याला कळवला जातो.

प्रश्न : आमच्यासारख्या हौशी लोकांनी केलेल्या मोजणीचा काही उपयोग असतो का? आणि हजारोंचा थवा मोजायचा तरी कसा?

मोजण्याची रीत सोपी आहे, सवय मात्र लागते. थव्याच्या एका टोकाला दहा पक्षी नेमके मोजावे, ते किती जागा व्यापतात हे डोळ्यांत ठेवावे, मग तेवढ्या जागेच्या घरांनी पुढे जात पन्नास किंवा शंभराचा गट ठरवावा आणि तो गट थव्यावर किती वेळा बसतो ते पाहावे. थवा सगळीकडे सारखा दाट नसतो, म्हणून मध्ये एक-दोनदा पुन्हा दहा मोजून खात्री करावी. दोघांनी स्वतंत्रपणे मोजून नंतर आकडे ताडावेत. आधी सांगितलेला आकडा दुसऱ्याच्या मोजणीत नकळत शिरतो. मिश्र थव्यात प्रथम एकूण संख्या आणि त्यानंतर जातींचे प्रमाण असा क्रम ठेवणे सोयीचे पडते.

उपयोगाविषयी शंका नसावी. आंतरराष्ट्रीय पाणपक्षी गणना 1967 पासून आणि तिचा आशियाई भाग 1987 पासून दर जानेवारीत चालत आला आहे, आणि त्यातील बहुतेक मोजणी हौशी निरीक्षकांनीच केलेली आहे. पाणथळींच्या संरक्षणासाठी 1971 मध्ये इराणमधील रामसर येथे जो करार झाला, त्याखाली एखादी जागा महत्त्वाची ठरवण्याचे दोन निकष थेट संख्येचे आहेत: तेथे नियमितपणे वीस हजार किंवा अधिक पाणपक्षी असणे, अथवा एखाद्या जातीच्या त्या भागातील एकूण पक्ष्यांपैकी एक टक्का तेथे आढळणे. हे आकडे कोणीतरी काठावर उभे राहून मोजल्याशिवाय येत नाहीत. दक्षिण कोरियात 2006 साली सेमांगम येथे तेहतीस किलोमीटरची समुद्रभिंत पूर्ण होऊन चिखलाचा अवाढव्य पट्टा तोडला गेला, तेव्हा तेथून नाहीसे झालेले ग्रेट नॉट हे वेडर पक्षी दुसरीकडे गेले असावेत असे म्हणणे सोपे होते. पण शेजारच्या किनाऱ्यांवरील मोजणीत ते वाढलेले दिसले नाहीत आणि ऑस्ट्रेलियातील हिवाळी मुक्कामाच्या जागी संख्या घटलेली आढळली. उलट जेथे वेळीच मोजले गेले नाही त्याचे उदाहरण स्लेंडर-बिल्ड कर्ल्यू या कुरलूच्या एका जातीचे आहे. पूर्वी पुष्कळ असलेल्या या जातीची शेवटची निर्विवाद नोंद 1995 सालची, मोरोक्कोतील. ती घटत आहे हे ध्यानात येईपर्यंत फार थोडे पक्षी उरले होते.

म्हणून माझे सांगणे असे की दर वेळी नवी जागा शोधण्यापेक्षा एकच पाणथळ निवडून, महिन्यातून किमान एकदा, त्याच वाटेने जाऊन मोजावे, आणि सोबत पाण्याची पातळी, भरतीची वेळ व चिखल ओला की भेगाळलेला हेही लिहून ठेवावे. काही न दिसलेल्या फेरीची नोंददेखील तितकीच आवश्यक आहे. अशा याद्या 2002 पासून चालू असलेल्या ई-बर्डसारख्या जागतिक नोंदपेढीवर ठेवता येतात.

प्रश्न : पाणथळीच्या काठाने चालताना टिटवीची जोडी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागते. अंडी जवळ असतील असे वाटते. शोधून पाहावीत का?

शोधू नयेत, आणि पुढील पाऊल नीट पाहून टाकावे. टिटवी, शेकाट्या आणि चिखल्या यांची अंडी उघड्या जमिनीवर, बहुधा चार, निमुळती टोके आत करून ठेवलेली असतात आणि खड्यांत इतकी मिसळून जातात की ती सापडण्यापेक्षा तुडवली जाण्याची शक्यता अधिक. भर उन्हात पक्षी अंड्यांवर बसतो तो अनेकदा ऊब देण्यासाठी नव्हे, सावलीसाठी. काही वेळा तर तो पाण्यात पोट भिजवून येतो आणि ओल्या पिसांनी अंडी गार ठेवतो. आपण तेथे दहा मिनिटे रेंगाळलो तर तेवढा वेळ ती तापतात, आणि आपली पावले कोठे थांबली हे कावळे झाडावरून पाहत असतात. चिखल्या पंख मोडल्यासारखा फरफटत पुढे जाऊ लागला, तर तो आपणांस पिल्लांपासून दूर नेत आहे असे समजून त्याच्या मागे मागे जावे. त्याची इच्छा तीच असते. त्यानंतर त्या जागेला मोठा वळसा घालून परतावे, आणि घरट्याचे नेमके ठिकाण कोणत्याही सार्वजनिक नोंदीत किंवा छायाचित्राखाली लिहू नये.